आर्द्रतेचे टक्के पुरेत, बाष्पदाब कशाला?

गोदाकाठचा
पंचवटीतल्या आमच्या घरी मे महिन्यात माठातलं पाणी गारेगार, जुलैत तोच माठ नुसता शोभेला. घरचे म्हणतात, हवा दमट आहे म्हणून. माझं म्हणणं, बातम्यांत टक्क्यांऐवजी बाष्पदाब सांगावा. बंद डब्यात पाणी ठेवलं की जितके रेणू बाहेर पडतात तितकेच परत येऊ लागतात. तेव्हा वरच्या वाफेचा जो दाब, तो पाण्याचा बाष्पदाब. डब्यात पाणी तांब्याभर की हंडाभर, फरक नाही. ठरवतं ते तापमान: १० अंशांना साधारण ९ मिमी पारा (हे दाबाचं माप), ४० ला ५५.

सिडकोवाला
मास्तरकी पुरे. ८० टक्के दिसले की मी कपडे आतल्या दोरीवर टाकतो. पारा कोण मोजतंय?

गोदाकाठचा
टक्केच फसवतात, भाऊ. त्या तापमानाच्या बाष्पदाबाच्या किती टक्के दाब हवेतल्या वाफेचा आहे, एवढंच ते सांगतात. डिसेंबरची पहाट, १० अंश, ९० टक्के: हवेतल्या वाफेचा दाब ८ मिमी. मेची दुपार, ४० अंश, २० टक्के: ११. म्हणजे 'कोरड्या' मेमध्येच बाष्प जास्त! म्हणून तर ओठ थंडीत फुटतात. ओठ तिशीच्या पुढे उबदार, तिथे बाष्पदाब ३२ च्या वर; हवेतला दाब त्याहून जितका कमी, तितकं पाणी जोरात उडतं.

सिडकोवाला
३२ वजा ८ म्हणजे २४, वजा ११ म्हणजे २१. एवढ्याशा फरकाने ओठ फुटतात?

बागायतदार, निफाड
सालीचं बोला की. द्राक्षाच्या मण्यावर मेण असतं. तसेच शेडमध्ये टाकले तर आठवडेच्या आठवडे जातात. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल (बेदाण्यासाठी द्राक्षं बुडवायचं तेल) यांच्या पाण्यात बुडवून काढले की पंधराएक दिवसांत बेदाणा. हवा तीच, दाबातला फरक तोच. बाष्पदाब ढकलतो किती ते सांगेल, दार किती उघडं ते नाही.

गोदाकाठचा
ओठ मागे घेतो. माठ नाही.

सिडकोवाला
मग सिलिंडरचं सांगा. थंडीत गॅस मंद जळतो. कमी भरून देतात, दुसरं काय!

गोदाकाठचा
तोही बाष्पदाबच. टाकीत द्रव असतो, गारठ्यात त्याची वाफ कमी दाबाने येते. आणि द्रव शिल्लक आहे तोवर दाब जवळपास तेवढाच राहतो, त्यामुळे दाबावरून किती उरलाय ते कळत नाही. वजन करा.

सिडकोवाला
उद्या काट्यावर ठेवतो. कमी भरलं तर इथेच येऊन भांडेन.