काळ्या गाडीवरचं जाळं पॉलिशरनं काढताना बॉनेट धूसर झालं, कुठं चुकतंय?

विश्रामबाग_काळी

मंडळी, हॅचबॅक, मेटॅलिक काळा, ६ वर्षं झाली, रंग कंपनीचाच. मागचा बंपर तेवढा एकदा बाहेर रंगवून घेतलाय. गाडी उघड्यावर लागते. हंगामात साखर कारखान्याची काजळी रोज बसते आणि रोज सकाळी कोरड्या फडक्यानं पुसली जाते. परिणाम असा की उन्हात तिरकं बघितलं तर बॉनेट, छत, दारं सगळीकडं कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा.

हत्यारं: डीए म्हणजे ड्युअल ॲक्शन पॉलिशर, पॅड फिरवता फिरवता डोलवणारा (१५ मिमी थ्रो म्हणजे डोलण्याचा घेर, ५ इंची बॅकिंग प्लेट म्हणजे पॅड चिकटवायची चकती), मायक्रोफायबरचं कटिंग पॅड १, मध्यम फोम १, मऊ काळा फोम १, हेवी कट कंपाउंड (जास्त घासणारं) आणि फिनिशिंग पॉलिश (बारीक, चकाकी आणणारं).

सकाळी ११ च्या सुमारास पोर्चच्या सावलीत अर्धं बॉनेट केलं. गाडी बोअरच्या पाण्यानं धुतली, मायक्रोफायबर पॅडवर कंपाउंडची गोल रेघ ओढली, स्पीड ५. गोल रेषा बऱ्याच गेल्या, पण रंग पांढुरका, धुकं बसल्यासारखा दिसतो. कंपाउंड वाळून पावडर उडत होती आणि पॅडचं वेल्क्रो हात लावू नये इतकं तापलं. डाव्या मागच्या दाराला उसाच्या ट्रॉलीचा ओरखडा आहे, त्यात नख अडकतं. पुढं कसं जावं? रंगाचं नुकसान झालंय का?

कुपवाड_पेंटबूथ

नुकसान झालेलं नाही. पांढुरकेपणा म्हणजे मायक्रोफायबरच्या धाग्यांनी आणि जाड कंपाउंडनं स्वतः पाडलेले अतिबारीक चरे. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर तुम्हाला ते दिसलेही नसते, काळा रंग काहीच लपवत नाही. खात्री करायची तर त्याच अर्ध्या भागात फूटभर चौकोन घ्या आणि मऊ काळा फोम, फिनिशिंग पॉलिश, स्पीड ३ ते ४, हलक्या हातानं मारा. धुकं गेलं तर फक्त दुसरा टप्पा राहिला होता. न गेल्यास मध्यम फोमवर तेच पॉलिश घ्या.

पावडर उडण्याची कारणं तीन, आणि तुमच्याकडं तिन्ही आहेत. एक, माल जास्त. गोल रेघ ओढायची नसते. कोऱ्या पॅडवर सुरुवातीला एकदाच माल बोटानं सगळीकडं पातळ चोळून घ्या म्हणजे पॅड कोरडं राहत नाही. त्यानंतर दर वेळी वाटाण्याएवढे ४ थेंब पुरतात. दोन, पत्रा गरम. सावली आली म्हणून काळा पत्रा लगेच थंड होत नाही. उन्हाळ्यात सांगलीत हे काम सकाळी ६ ते ९ मध्येच करावं. पत्र्यावर तळहात ठेवून कोमट जरी लागला तरी थांबा. तीन, पॅड साफ केलं नाही. रंगाचा निघालेला चुरा आणि वाळलेला माल पॅडमध्ये गोळा होतो आणि तोच पुढं घासत राहतो. दर चौकोनानंतर मायक्रोफायबर पॅड ब्रशनं झाडा. फोम असेल तर स्वच्छ टॉवेल त्यावर दाबून पॉलिशर २-३ सेकंद फिरवा.

वेल्क्रो तापलं कारण एकाच पॅडवर सलग काम झालं, आणि बहुतेक दाबही जास्त होता. बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करनं एक आडवी रेघ मारून ठेवा. काम चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. रेघ थांबली म्हणजे पॅड नुसतं थरथरतंय, कापत नाही, फक्त उष्णता तयार करतंय. दाबाचा अंदाज हवा असेल तर घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवा, त्यावर जुनी चादर टाका आणि बंद पॉलिशर दाबून बघा. काटा ५-६ किलो दाखवेल तेवढाच दाब पुरे, यंत्राचं वजन धरून. पॅड सपाट ठेवा. कड उचलली की सगळा भार एका बाजूला जातो आणि तिथला गोंद आधी सुटतो.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही सगळ्यात जहाल जोडीनं सुरुवात केली. उलट्या टोकानं यायला हवं होतं. कंपनीच्या रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. झेरॉक्सचा कागद १०० मायक्रॉनच्या आसपास भरतो, म्हणजे अख्खा क्लिअर त्याच्या निम्म्याहून फार जास्त नाही. तो एकदा काढला की परत येत नाही आणि त्यावर गाडीचं ऊन सोसणं अवलंबून असतं. म्हणून बॉनेटच्या उरलेल्या अर्ध्यावर दीड फुटाचा चौकोन आखून आधी मध्यम फोम आणि फिनिशिंग पॉलिश मारा. जाळं गेलं तर संपूर्ण गाडी त्याच जोडीवर करा, कंपाउंडची बाटली उघडूच नका. ७०-८० टक्के गेलं तरी मी तिथंच थांबायला सांगेन. नाहीच गेलं तर मध्यम फोमवर कंपाउंड, आणि त्यानंही भागलं नाही तरच मायक्रोफायबर.

हाताची रीत अशी: स्पीड १ वर माल पसरवा, मग ४ ते ५ वर आणा. सेकंदाला २-३ सेंटिमीटर, इतकं सावकाश. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या निम्म्यावर आली पाहिजे. एकदा आडवं, एकदा उभं, असे ४ ते ६ फेरे, शेवटचा फेरा नुसत्या यंत्राच्या वजनानं. घाई हाच नवशिक्यांचा सगळ्यात मोठा दोष. भरभर फिरवलं की चकाकी येते पण रेषा तिथंच राहतात.

आणि पुसून झाल्यावर चकाकीवर विश्वास ठेवू नका. पॉलिशमधलं तेल रेषांमध्ये भरून बसतं, दोन धुण्यांनंतर जाळं पुन्हा दिसायला लागतं. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल १ भाग आणि डिस्टिल्ड पाणी ३ भाग स्प्रे बाटलीत करा, चौकोनावर मारून स्वच्छ मायक्रोफायबरनं टिपा, मग मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघा. ट्यूबलाइटखाली जाळं दिसत नाही. थिनर वापरू नका.

मिरज_जंक्शन

वर सगळं बरोबर आहे, पण पॉलिशरच्या आधीचा टप्पा राहिला. बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, राखेत सिलिका भरपूर असते, म्हणजे बारीक वाळूच. कोरड्या फडक्यानं ती पुसणं म्हणजे रोज सकाळी गाडीला हलका पॉलिश पेपर मारणं. तीच राख पॅडखाली सापडली तर पॉलिशर नवीन चरे पाडेल.

आधी हात न लावता पाण्याच्या जोरानं राख खाली उतरवा. मग दोन बादल्या: एकीत शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. मिट (धुण्याचा हातमोजा) प्रत्येक वेळी साध्या पाण्यात पिळून मगच शाम्पूत. छतापासून सुरुवात, दारांचा खालचा भाग शेवटी. बोअरच्या पाण्यात आपल्याकडं क्षार फार. ते पाणी अंगावर वाळू देऊ नका, निदान शेवटचं धुणं नळाच्या पाण्यानं करा. क्षारांचे पांढरे डाग आधीच असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून मिनिटभर ठेवा आणि धुऊन टाका.

धुतल्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बॉनेटवरून फिरवा. खरखर लागली तर रंगात कण रुतलेत. कुपवाड एमआयडीसीत फौंड्रीच्या किंवा ग्राइंडिंगच्या शेडजवळ गाडी लागत असेल तर लोखंडाचे कण हमखास. आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारा स्प्रे) मारा, जांभळे ओघळ येतील, वाळायच्या आत धुवा. मग क्ले बार (रुतलेले कण ओढून काढणारी चिकणमातीसारखी वडी), शाम्पूच्या पाण्याचा भरपूर ओलावा ठेवून, नुसता सरकवत, दाब न देता. क्ले जमिनीवर पडला की फेकून द्या, कितीही नवा असो.

विश्रामबाग_काळी

फूटभर चौकोन करून बघितला, मऊ फोमनं धुकं गेलं. दुसऱ्या अर्ध्यावर मध्यम फोम आणि फिनिशिंग पॉलिशनंही बरंचसं जाळं गेलं, एकदोन जाड रेषा तेवढ्या राहिल्या. तीन शंका. मागचा बंपर तसाच करू का? दाराच्या ओरखड्याला २००० नंबरचा पेपर मारायचा का? आणि गॅरेजवाले म्हणतात रोटरी आणा, अर्ध्या वेळात होईल.

कुपवाड_पेंटबूथ

जाड रेषा राहू द्या. त्या घालवायला आजूबाजूचा चांगला क्लिअरही तेवढाच खाली न्यावा लागतो.

बंपर जपून. प्लास्टिक उष्णता वाहून नेत नाही, त्यामुळं पत्र्यापेक्षा लवकर तापतं, आणि बाहेर मारलेला क्लिअर किती जाड आहे ते कळायला मार्ग नाही. साधे पेंट गेज (रंगाची जाडी मोजायचं यंत्र) प्लास्टिकवर चालतच नाहीत. मऊ फोम, फिनिशिंग पॉलिश, स्पीड ३, तीन फेरे, बस. पॅडवर गाडीचा रंग उतरायला लागला तर तिथंच थांबा. एकतर वर क्लिअर नाही किंवा संपला.

पेपरला हात लावू नका. नखाला अडकणारा ओरखडा पॉलिशनं जात नाही, आणि गेज नसताना पेपर मारणं म्हणजे डोळे झाकून क्लिअर कापणं. आत पांढरा किंवा करडा प्रायमर दिसतोय का बघा. दिसत असेल तर टचअप. गाडीच्या प्लेटवरचा रंगाचा कोड बघून तोच टचअप घ्या. ओरखडा अल्कोहोलनं पुसा, ब्रश जाड वाटला तर टूथपिकच्या टोकानं फक्त खाचेत रंग सोडा. एकदम भरू नका, पातळ २-३ थर, मध्ये अर्धा-पाऊण तास, शेवटी क्लिअरचा थेंब. आठवडाभर वाळू द्या. मग वर आलेला उंचवटा तेवढा ३००० नंबरच्या ओल्या पेपरानं, छोट्या खोडरबराला गुंडाळून, सपाट करा आणि मध्यम फोमनं चकाकी आणा. दोन हातांवरून ओरखडा दिसणार नाही, टॉर्च लावला तर दिसेल. प्रायमर दिसत नसेल, नुसता क्लिअर फाटला असेल, तर कडा पॉलिशनं गोलसर करून सोडा, उजेड कमी अडकतो. उसाच्या पाल्याचे लांब समांतर चरे बहुधा क्लिअरमध्येच असतात, ते पॉलिशनं निघतात.

मिरज_जंक्शन

रोटरीबद्दल: वेग खरा आहे, पण ते पॅड एकाच जागी गोल फिरतं, उष्णता एका ठिकाणी साचते. बॉनेटच्या कडा, दाराच्या मधल्या उठावाच्या रेषा, हँडलभोवती क्लिअर आधीच पातळ असतो आणि रोटरीनं तिथं काही सेकंदांत खालचा रंग दिसायला लागतो. काळ्या गाडीवर होलोग्राम उठतात, म्हणजे उन्हात फिरताना दिसणारे सावलीसारखे पट्टे, आणि ते काढायला शेवटी डीएच लागतो. घरी डीएच बरा.

डीए असला तरी उठावाच्या रेषा आणि कडांना मास्किंग टेप लावा, शेवटी टेप काढून तिथून एक हलका फेरा. काळं प्लास्टिक आणि काचेचे रबर तर नक्की झाका, त्यात गेलेलं पॉलिश पांढरं पडतं आणि ब्रशनंही नीट निघत नाही. वायर खांद्यावरून घ्या, नाहीतर तीच दारावर घासते. तुमच्याकडं प्रत्येक प्रकाराचं एकच पॅड आहे, मध्यम फोम अजून दोन घ्या, तापलं की बदलता येईल. टॉवेल ३००-३५० जीएसएमचे (चौरस मीटरला तितके ग्रॅम) १०-१२ हवेत.

विश्रामबाग_काळी

आभार दोघांचे. शेवटचं: संपूर्ण गाडीला किती वेळ धरू, आणि वर काय लावू? हंगामात काजळी परत बसणारच.

कुपवाड_पेंटबूथ

एका सकाळी बॉनेट आणि दोन फेंडर, असं धरलं तर तीन-चार सकाळी. रोज संपलं की पॅड कोमट साबणाच्या पाण्यात दाबून धुवा, पिळू नका, वेल्क्रो सुटतं. माल वाळला की पॅड वाया जातं.

वर सीलंट (रंगावर बसणारा कृत्रिम संरक्षक थर) लावा, वॅक्सपेक्षा जास्त टिकतो. त्याआधी अल्कोहोलनं पुसून घ्या, तेल राहिलं तर तो धरत नाही. सीलंट किंवा सिरॅमिक कोट ओरखडे थांबवत नाही, कोणी काहीही सांगो. त्याचा उपयोग हा की राख चिकटत नाही, पाण्याच्या जोरावर निघून जाते. सकाळी पुसणाऱ्या माणसाला स्पष्ट सांगा: फक्त पाणी मारायचं, फडकं लावायचं नाही. ओलं फडकंही नाही, राख अंगावर असेल तर. वेळ नसेल त्या दिवशी गाडी काळवंडलेली राहू दे, ते परवडतं.

आणि मागच्या दाराला टचअप लागणार असेल तर ते आजच करून टाका. ते वाळेपर्यंत बाकी गाडी होऊन जाईल.