गिटार : एफ कॉर्ड लागेना, नवी घेऊ का? (बजेट ६ हजार)

मधुरा_कोथरूड
लेक नोकरीला बंगळुरूला गेला, गिटार माळ्यावर टाकून. पन्नाशीला टेकल्यावर मी ती खाली काढली. दोन महिने यूट्यूब बघून रोज अर्धा तास बसते. जी, सी, डी या कॉर्ड (एकदम वाजवायचे सूरगट) जमतात. एफसाठी तर्जनी आडवी टाकली की सहातल्या दोनच तारा वाजतात, बाकीच्या नुसत्या टक् टक्. बोटांना चिरा पडल्यात, भांडी घासताना झोंबतं. माझं वय आडवं येतंय की गिटार? ६ हजारांत नवी मिळेल? वर एक रुपया नाही.

झंकार७२
डोळे मिटून यामाहा एफ३१० घ्या. माझी आठ वर्षं चालू आहे.

मधुरा_कोथरूड
बसते का ६ हजारांत?

झंकार७२
वर जाते. पण वस्तू एकदाच घ्यायची असते.

पेठकर
मीपण एकदाच घेतली, १८ हजारांची. सध्या तिच्यावर टॉवेल वाळतात.

सुरमट
नायलॉन तारांची क्लासिकल घ्या ताई, बोटांना एकदम मऊ.

अर्धवट_वादक
मऊ खरी, पण मान रुंद. नटापाशी (मानेच्या वरच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) ५२ मिलिमीटर, साध्या स्टील तारांच्या अकूस्टिकची ४३च्या आसपास. एफला बोट पुरायला नको? आणि क्लासिकलवर स्टीलच्या तारा चढवायचा शहाणपणा करू नका. मी केला होता. रात्री दोन वाजता ब्रिज (तारा अडकवायची खालची पट्टी) उखडला, बायकोला वाटलं गॅस सिलिंडर गेला.

पेठकर
सिलिंडरवरून आठवलं, आमच्याकडे नंबर लावून दहा दिवस झाले…

टिंबटिंब
धागा गिटारचा आहे.
ताई, आधी आहे ती तपासा. एटीएम कार्ड साधारण पाऊण मिलिमीटर जाड असतं. बाराव्या फ्रेटवर (मानेवरची धातूची आडवी पट्टी) सगळ्यात जाड तारेखाली, तार न उचलता, कार्डं एकावर एक सरकवा. तीन गेली तर ठीक, चारच्या पुढे गेली तर अ‍ॅक्शन (तारांची मानेपासूनची उंची) जास्त आहे, म्हणजे तार दाबायलाच जास्त जोर लागतो. पुण्याचा पावसाळा माळ्यावर काढला की लाकूड फुगतं, तारा वर येतात. वाद्य दुरुस्तीवाल्याकडून अ‍ॅक्शन खाली करून घ्या, शून्य दहाच्या (०.०१० इंच) पातळ तारा टाका. आणि एफचाच आकार आधी पाचव्या फ्रेटवर धरून बघा, तिथे बराच सोपा जातो. पहिल्या फ्रेटला नट जवळ, म्हणून सगळ्यात कडक.

झंकार७२
जुन्यावर खर्च करण्यात अर्थ नाही.

पेटीवाले_काका
या वयात ही हमाली कशाला? पेटी घ्या. दाबलं की सूर. तुमची पट्टी कोणती?

मधुरा_कोथरूड
काळी चार. पेटी सासूबाईंची आहे, तिला हात लावायची सोय नाही.

पेटीवाले_काका
काळी चार म्हणजे तुमच्या भाषेत ए फ्लॅट.

अर्धवट_वादक
जी शार्प.

पेटीवाले_काका
पेटीला विचारा, ती दोन्हीला ओ देते.

अर्धवट_वादक
मग प्रश्नच मिटला की! पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा आणि जी, सी, डी धरा, झाली काळी चार. एफ लागतोय कशाला?

सुरमट
कॅपो म्हणजे कुबडी. एफ आल्याशिवाय गिटार आली म्हणू नये.

नवा_सभासद
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. यामाहा एफ३१० बघा.

मधुरा_कोथरूड
सगळ्यांचे आभार. माझं एटीएम, ह्यांचं, सासूबाईंचं, पॅन आणि लायसन्स, पाचही आत गेली, वर अजून फट! दुरुस्तीला टाकते म्हणून लेकाला फोन केला, तर म्हणे माझ्या गिटारला कुणाचा हात लागू देऊ नकोस. दोन महिने माझा हात लागतोय हे सांगितलं नाही.
नवी घेतली नाही. क्लासही नाही. ३०० रुपयांचा कॅपो आणला. काल काळी चारमध्ये एक भावगीत पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं, सासूबाई आतून म्हणाल्या, ताल पळतोय. म्हणजे ऐकत होत्या. एफ गेला उडत. उरलेल्या ५,७०० वर ह्यांचा डोळा आहे.

झंकार७२
तरी एकदा एफ३१० हातात घेऊन बघाच.