पंधरा वर्षं जुनी पोर्शे बॉक्सटर पुण्यात घ्यावी का?

घाटवेडा

कोथरूडला राहतो. घरात एक हॅचबॅक आहे, रोजच्या कामाला ती पुरते. दुसऱ्या गाडीसाठी तीस लाखांच्या आसपास रक्कम बाजूला काढली आहे. घरचे, ऑफिसातले, सोसायटीतले, सगळ्यांचा सल्ला एकच: नवी एसयूव्ही घे, वॉरंटी मिळेल, विकताना कटकट नाही. माझ्या मनात मात्र २०११ ची एक बॉक्सटर बसली आहे. २.९ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, पीडीके (पोर्शेचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स, एमएच-१२ पासिंग, सध्याचा मालक दुसरा, मीटरवर ४२,००० किलोमीटर. मागणी २७ लाख.

माझं म्हणणं असं की या पैशात जुनीच स्पोर्ट्‌स कार घ्यावी, कारण नव्यात ही चीज मिळतच नाही. या पिढीचं स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे. २०१२ च्या पुढच्या पिढीत ते इलेक्ट्रिक झालं आणि २०१६ पासून बेसिक बॉक्सटरमध्ये सहाच्या जागी चार सिलिंडरचं टर्बो इंजिन आलं. मी ही गाडी पाषाणपासून चांदणी चौकापर्यंत चालवून पाहिली. रस्त्यावरचा डांबराचा जोड पुढच्या कोणत्या चाकाखाली आला ते हाताला कळत होतं. इंजिन पाठीमागे, दोन्ही सीटच्या लगेच मागे, आणि टर्बो नसल्यामुळे पाय दाबला की ताकद एका सरळ रेषेत वाढत जाते. ३० लाखांची नवी एसयूव्ही मला हे देऊ शकत नाही.

विरोधातली मतं मुद्दाम मागतोय. व्यवहार अजून झालेला नाही.

सदाशिवपेठी

माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नका.

तुम्ही २७ लाख ही किंमत धरून चाललात, ती किंमत नाही, तो फक्त प्रवेश आहे. २०११ ची नोंदणी म्हणजे १५ वर्षं २०२६ मध्ये संपली. आता फिटनेस करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागणार. साध्या कारला त्याची फी ५,००० रुपये आहे, आयात केलेल्या चारचाकीला ४०,०००. एप्रिल २०२२ पासून हे दर लागू आहेत. वीस वर्षांपुढच्या आयात गाडीला २०२५ च्या अधिसूचनेने तो आकडा ८०,००० झाला. वर पर्यावरण कर वेगळा. आणि आरसी बुकावरची मुदत संपलेली असताना गाडी नावावर कशी करणार? आधी नूतनीकरण, मग ट्रान्सफर.

दुसरं, या पिढीच्या पोर्शेंच्या इंजिनात इंटरमीजिएट शाफ्टचं (व्हॉल्व्ह चालवणाऱ्या यंत्रणेला गती पोचवणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग जातं, हे जगजाहीर आहे. ते तुटलं की टायमिंग बिघडतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन संपतं. २७ लाखांच्या गाडीला नवं इंजिन घालणार का? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तसलाच हा प्रकार.

घाटवेडा

बेअरिंगचा मुद्दा या गाडीला लागू होत नाही. तो दोष २००८ पर्यंतच्या इंजिनांचा. २००९ च्या मॉडेलपासून इंजिन नव्याने बनवलं आणि त्यात तो शाफ्टच ठेवला नाही. म्हणूनच २००६-०७ च्या स्वस्तातल्या दोन गाड्या मी बघायलाही गेलो नाही.

नोंदणीचं बरोबर आहे. नूतनीकरण विकणाऱ्याने त्याच्या नावावर करून द्यावं, ही अट घालतो.

भोसरीवाला

भोसरीत आमचं वर्कशॉप आहे, जर्मन गाड्याच येतात. माझं मत बाजूने आहे, पण गाडी कशी बघायची ते कळत असेल तरच.

मीटरवर विश्वास ठेवू नका. स्कॅनर लावला की इंजिन एकूण किती तास चाललं ते कंट्रोल युनिटमधून वाचता येतं. ४२,००० किलोमीटर आणि १,६०० तास आले तर सरासरी ताशी २६ पडते, पुण्यातल्या वापराला ती पटण्यासारखी आहे. तीन हजार तास आले तर ताशी १४, म्हणजे मीटर मागे फिरवला असण्याची दाट शक्यता. तिथेच उठा आणि घरी या. इंजिन ठरावीक मर्यादेच्या वर किती वेळा फिरवलं, त्याचीही नोंद त्याच जागी सापडते.

गाडी थंड असताना सुरू करायला सांगा. तुम्ही पोचायच्या आधी मालकाने इंजिन गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. ऑइलची कांडी या गाडीला नाही, पातळी डॅशबोर्डवरच दिसते, तीही बघा.

आता ज्याकडे बहुतेक लोक बघत नाहीत ते सांगतो. पुढच्या बंपरला डावी-उजवीकडे जाळ्या आहेत, त्यांच्या मागे रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर. गुलमोहराची पानं, वडाचा पाला, प्लास्टिकच्या पिशव्या आत जातात आणि तिथेच साचतात. पावसाळाभर तो लगदा ओला राहतो आणि कंडेन्सर कुजतो. बॅटरी घेऊन खाली बसा आणि जाळीतून आत बघा. काळपट ओला पाला दिसला तर या गाडीची निगा कशी राखली ते कळलं, सर्व्हिस बुकात कितीही शिक्के असोत.

छत उघडं केल्यावर बिजागऱ्यांजवळ पाणी निघायची छिद्रं आहेत. ती बुजली की पाणी आत उतरतं. कार्पेटखाली हात घालून बघा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ असेल तर गाडी पुरातली आहे. २०१९ च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याला पूर आला, २०२४ च्या जुलैत एकतानगरीत पाणी शिरलं. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्याही धुऊन-पुसून बाजारात येतात.

मृण्मयी_औंध

माझ्याकडे जुनी ऑडी टीटी आहे आणि ती मी पुण्यात रोज चालवते, फक्त रविवारी नाही. त्यामुळे ‘पुण्यात चालवताच येत नाही’ हे मला मान्य नाही.

एक विचारते, चाकं किती इंचांची आहेत? बेसिक बॉक्सटरला कंपनीकडून १७ इंची येतात, पुढचा टायर २०५/५५, म्हणजे २०५ मिलिमीटर रुंद आणि भिंत त्याच्या ५५ टक्के. अनेक मालक दिसायला भारी म्हणून १८ किंवा १९ इंची बसवतात. त्या टायरची भिंत एवढीशी, बाणेरच्या एका खड्ड्यात रिम वाकतो. १७ इंची असतील तर तीच ठेवा. टायरच्या कडेला शेवटचे चार आकडे वाचा. २३१६ असेल तर २०१६ सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर. नक्षी नवी दिसली तरी रबर जुनं झालेलं असतं, ओल्या रस्त्यावर ते धरत नाही.

गतिरोधकांचा त्रास मात्र खरा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसचा निकष १० सेंटिमीटर उंची आणि ३.७ मीटर लांबी असा आहे. तेवढ्या लांबीचा असेल तर गाडी अलगद जाते. आपल्या सोसायट्यांमधले गतिरोधक हातभर रुंद आणि टोकदार. ते तिरके घ्यावे लागतात, एकेक चाक चढवून. सवय होते.

रसायन_अभियंता

सगळे इंजिन आणि सस्पेन्शनवर बोलताय, पेट्रोलवर कोणीच नाही.

आता पंपावर मिळणारं साधं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे. ही बॉक्सटर १० टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणासाठी बनलेली. इथेनॉलने जुने रबरी पाइप आणि ओ-रिंग फुगतात किंवा कडक होऊन चिरतात. शिवाय इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. रोज चालणाऱ्या गाडीत टाकी लवकर संपते, फारसं बिघडत नाही. तुमची गाडी दुसरी गाडी आहे, जुलै-ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे उभी राहणार, अर्धी टाकी भरलेली. ओल धरलेलं पेट्रोल, गंजणारा पंप, सीटमागे बसलेलं गरम इंजिन आणि पंधरा वर्षं जुने पाइप, हे सगळं एकाच जागी. मला यात पैशापेक्षा आगीची काळजी जास्त वाटते.

घाटवेडा

हा मुद्दा मला सर्वांत जास्त पटला. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० इथेनॉलविना येतं, तेच घालायचं ठरवलंय. लिटरला साधारण १६० रुपये आणि टाकी ६४ लिटरची, म्हणजे एका भरणीला दहा हजार. वर्षभरात फार फिरणार नाही, तेव्हा झेपेल. इंधनाचे सगळे पाइप घेतल्या घेतल्या बदलायचे, हे आता यादीत पहिलं.

रसायन_अभियंता

पुण्यात मिळेल. कोल्हापूरच्या पुढे, कोकणात उतरल्यावर? ही गाडी तुम्ही घाटासाठी घेताय ना? मग टाकीच्या निम्म्या अंतरावरून परत फिरायचं, असा प्रवास होणार.

मुळशीकर

गाडीच्या तांत्रिक बाजूवर बोलण्याएवढं मला कळत नाही. मी पौडच्या पुढे ताम्हिणी रस्त्यालगत राहतो, तेवढ्यापुरतं लिहितो.

शनिवार-रविवारी सकाळी सहापासून या गाड्यांची रांग सुरू होते. आमची पोरं दूध घालायला सायकलवरून याच रस्त्याने जातात. पावसाळ्यात धुक्यात पन्नास फुटांपुढचं दिसत नाही आणि मागून नुसता आवाज येतो. तो किती जवळ आहे याचा अंदाज बांधता येत नाही. तुम्ही ‘पाय दाबला की ताकद वाढत जाते’ लिहिलंत, ती ताकद कुठल्या रस्त्यावर वापरणार, तेही लिहा. एक्स्प्रेस वेवर कारला १०० ची मर्यादा आहे, बोरघाटात ६० ची, आणि आता कॅमेरे आहेत. उरतात ते आमचेच रस्ते.

पुण्यात पोर्शे म्हटलं की १९ मे २०२४ ची कल्याणीनगरची रात्र आठवते. नोंदणीही न झालेल्या गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. तुम्ही तसे आहात असं म्हणत नाही.

घाटवेडा

तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ती गाडी, तो वेग आणि तो चालक यांच्याशी माझा संबंध नसला तरी तुमच्या पोरांना मागून येणारी गाडी कोणाची ते कळत नाही, हे खरं आहे. शनिवार-रविवारी ताम्हिणीला जाणार नाही. आणि बॉक्सटरमध्ये मला हवं आहे ते चाळीस-पन्नासच्या वेगातही मिळतं. हायड्रॉलिक स्टिअरिंग जाणवायला दीडशेचा वेग लागत नाही. जास्त ताकदीची ‘एस’ न बघता मी २.९ च बघतोय, त्याचं कारणही तेच.

विमा_सर्व्हेयर

थोडक्यात लिहितो. १५०० सीसीच्या वरच्या खासगी कारचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला ७,८९७ रुपये, तो त्रास नाही. त्रास स्वतःच्या नुकसानीच्या दाव्यात आहे. पाच वर्षांवरच्या गाडीचं विमामूल्य कंपनी आणि तुम्ही परस्पर ठरवता. २७ लाखांची गाडी पंधरा लाखांवर उतरवायला सांगतील. एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता दावा देणारं संरक्षण, सहसा देत नाहीत. म्हणजे प्लास्टिक आणि रबरी भागांवर निम्मी घट. पुढचा बंपर फुटला तर निम्मे पैसे तुमचे. बंपर जर्मनीहून येणार, तोपर्यंत गाडी वर्कशॉपमध्ये. हिशेबात धरा.

चाकणचा_शेजारी

कोणीच पर्याय सुचवला नाही म्हणून लिहितो. फोक्सवॅगन व्हर्टस जीटी बघा. दीड लिटर टर्बो, १५० पीएस, वीस लाखांच्या आत, वॉरंटीसह, आणि बनते इथे चाकणला. पार्ट उद्या हवा तर उद्या मिळतो, ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलची काळजी नाही, मागे मुलांना बसायला जागा आहे. उरलेल्या पैशांत वर्षातून दोनदा ट्रॅकवर जाऊन मनसोक्त वेगाने चालवा, मुळशीकरांनाही त्रास नाही. गाडी चालवण्याची हौसच असेल तर ती अशी जास्त पुरी होते.

मृण्मयी_औंध

व्हर्टस चांगली गाडी आहे, माझ्या भावाकडे आहे. पण ती पुढच्या चाकांवर चालणारी सेडान आहे. धाग्याचा प्रश्न ‘वेगवान गाडी कोणती’ असा नाही. त्यांना मध्यभागी इंजिन असलेली, उघड्या छताची, दोन सीटची गाडी हवी आहे, आणि तशी नवी गाडी तीस लाखांत भारतात नाही. वापरून झाल्यावर टिकाऊ म्हणून काय उरतं ते बघून सगळेच खरेदी करत असतील असं नाही. माणूस वाजवायची पेटी घेतो, कॅमेरा घेतो, तेव्हा आपण त्याला परत विकताना काय येईल ते विचारत नाही.

सदाशिवपेठी

कॅमेऱ्याला दर वर्षी दोन-तीन लाख लागत नाहीत. मला हौसेचं वावडं नाही. त्यांनी तीस लाख बाजूला काढलेत आणि सत्तावीसची गाडी बघताहेत, माझी हरकत तिथे आहे. तीन लाखांत इंधनाचे पाइप, टायर, कंडेन्सर, सस्पेन्शनचे बुश, नोंदणी आणि विमा. पीडीकेचं काही निघालं तर?

भोसरीवाला

सदाशिवपेठींचं इथे शंभर टक्के बरोबर. पीडीकेतला एखादा सेन्सर गेला तरी बरीच वर्षं अख्खा गिअरबॉक्सच बदलायला सांगत. आता सुटं काम करणारे आहेत, पण भारतात थोडे, आणि स्वस्त नाही. ट्रायल घेताना दोन-तीनच्या गिअरमध्ये हळू चालवा, ट्रॅफिकमध्ये चालवतो तशी. धक्का दिला किंवा डॅशबोर्डवर गिअरबॉक्सचा इशारा आला तर व्यवहार नको. हातात सात-आठ लाख मोकळे ठेवा.

घाटवेडा

काल मालकाशी बोललो. वर्कशॉपमध्ये लिफ्टवर घेऊन तपासायला आणि स्कॅनर लावायला तो तयार आहे. चाकं १७ इंचीच आहेत. नूतनीकरण आधी करून द्यायला मात्र नाही म्हणतो, ‘भाव कमी करतो, तुम्हीच करून घ्या’ असं त्याचं म्हणणं. २५ पर्यंत येईल असं वाटतं.

सदाशिवपेठी

त्याला आरटीओत जायचं नसेल तर का नसेल, ते आधी शोधा. चलनं थकलेली असतील, कर्जाचा बोजा उतरवलेला नसेल, इंजिन नंबर आरसीशी जुळत नसेल. गाडी फिटनेसला उभी राहून पास होईपर्यंत टोकनसुद्धा देऊ नका, मग तो २५ म्हणो की २२.

भोसरीवाला

सहमत. बुधवारी सकाळी घेऊन या, रात्रभर उभी असलेली, थंड.