वाण, गट्टू आणि आपली चार मतं

(नागपूर महापालिकेची निवडणूक, जानेवारी २०२६. प्रभागातून चार नगरसेवक, म्हणून प्रत्येकाची चार मतं. मतदानाआधीचं सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं.)

सी-२०४ (ताई): काल हॉलमध्ये झालेल्या हळदीकुंकवाबद्दल बोलायचंय. संक्रांत १४ ला, मतदान १५ ला. हळदीकुंकू संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत असतं, या पॅनलवाल्यांनी आधीच उरकून घेतलं. स्टीलचा डबा वाण म्हणून दिला. मग एकेकीला कलशावरच्या नारळाला हात लावायला सांगून "चारही मतं आमच्याच पॅनलला" असं वदवून घेतलं. सासूबाईंना त्यातल्या दोघांना मत द्यायचंच नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. शपथ मोडली तर नातवावर येईल म्हणतात.

बी-१०१ (काका): पाप लागलं तर शपथ घालणाऱ्याला लागेल. काकूंना सांगा, देव असल्या शपथा मोजत नाही.

ए-३०३: पण पार्किंगमध्ये गट्टू (पेव्हर ब्लॉक) त्या पॅनलनेच लावून दिले ना जी. आपल्या सोसायटीच्या कमिटीने त्यांना एकगठ्ठा मतांचा शब्द दिलाय. बूथचे आकडे निघाले की कळेलच त्यांना.

सी-२०४ (ताई): बूथवर किती मतं पडली ते कळतं, कोणी कोणाला दिलं ते कळत नाही. अन् माझ्या मताचा शब्द कमिटीने कोणाला विचारून दिला?

बी-१०१ (काका): सप्टेंबर २०२३ आठवा. अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीचं पाणी अंधारातच पार्किंगमध्ये शिरलं. तळमजल्यावरच्या आजींना आपण पोरांनी खुर्चीसकट वर नेलं. मार्च २०२२ पासून महापालिकेवर प्रशासक होता, फोन करायला नगरसेवकच नव्हता. आता १५१ नगरसेवक निवडून द्यायचेत, तर नदीच्या भिंतीचं काय करणार ते विचारा. गट्टू काय, पुढच्या पुरात उखडतील.

डी-४०२ (वहिनी): भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० प्रमाणे मतासाठी देणारा अन् घेणारा, दोघंही दोषी. पैशाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, पण खाण्यापिण्याला नुसता दंड. माझ्या मते हीच मोठी फट आहे. सावजीच्या पंगती तिथूनच उठतात.

ए-३०३: वहिनी, मग डब्याचं काय करायचं? आईने त्यात तिळगूळ भरून ठेवलाय.

सी-२०४ (ताई): रिकामा करून द्या दादा. मी झोन ऑफिसात निवडणूक अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार देणार आहे, डबे सोबत नेईन. ज्यांना द्यायचेत त्यांनी रात्री ८ पर्यंत सांगा. तक्रारीवर सही करायची सक्ती नाही.

डी-४०२ (वहिनी): आमचा घ्या. सहीपण करते.