मदत हवी आहे: हाम्बुर्ग, दीड दिवस, आईबाबा सोबत

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आईबाबांना घेऊन बहिणीकडे ब्रेमेनला जातोय. तिथून शनिवार आणि रविवारचा अर्धा दिवस हाम्बुर्ग.

बाबांची अख्खी नोकरी फोर्टात, मुंबई विद्यापीठात, राजाबाई टॉवरच्या सावलीत गेली. त्या टॉवरचा आराखडा करणाऱ्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटनेच हाम्बुर्गचं सेंट निकोलाई चर्चही बांधलंय, हे कळल्यापासून 'आधी ते' असा धोशा आहे. १४७ मीटरचा मनोरा, १८७४ ते १८७६ जगातली सर्वांत उंच वास्तू. १९४३च्या बॉम्बफेकीत चर्च गेलं, मनोरा उरला. स्कॉट मुंबईत कधी आलाच नाही, त्यामुळे बाबांच्या मते त्याची भेट आता हाम्बुर्गलाच व्हायची!

अडचण आईची. गुडघे दुखतात, आणि सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला तयार नसते. मिखाएलिस चर्चला ४५२ पायऱ्या आहेत म्हणे. निकोलाईला लिफ्ट आहे का? श्पायखरश्टाटच्या वखारी आणि चिलेहाउस ही जुनी विटांची ऑफिस इमारत एका दुपारी चालून होतील का? एल्बे नदीखालचा जुना बोगदा आईला झेपेल?

प्रतिसाद १:
तीन वर्षं तिथे राहिलोय. निकोलाईच्या मनोऱ्यात काचेची लिफ्ट आहे, ७६ मीटरवर नेते. मिखाएलिसलाही लिफ्ट आहे, पण दोन्ही मनोरे करू नका, निकोलाई पुरे. खाली उतरलात की डाइखश्ट्रासं शेजारीच. १८४२ची मोठी आग त्याच गल्लीत लागली आणि जुनं निकोलाईही त्यात जळालं, म्हणून तर स्कॉटला काम मिळालं.

वखारी मात्र निवांत बघा. ओकचे खांब जमिनीत ठोकून त्यावर लाल विटांचे मजले, माथ्यावर माल ओढायच्या कप्प्या. यासाठी सुमारे २०,००० लोकांना उठवलं होतं, हे पाट्या वाचत फिरलं तरच लक्षात येतं. संध्याकाळी पोगेनम्युलेन पुलावर उभे राहा. चिलेहाउसला आत काही नाही, पूर्वेच्या टोकाला जाऊन जहाजाच्या नाळेसारखा कोपरा बघायचा, फोटो काढायचा, निघायचं.

बोगदा १९११चा, ४२६ मीटर लांब. उतरायला लिफ्ट आहे, पण पलीकडे जाऊन परत म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर. आईंना वर लांडुंग्सब्र्युकनच्या बोटींच्या धक्क्यावर बसवा. त्यापेक्षा ६२ नंबरची फेरीबोट धरा, शहराच्या नेहमीच्या तिकिटात होते.

प्रतिसाद २:
एल्बफिलहार्मोनी या संगीतगृहाचा सरकता जिना ८२ मीटर लांब आहे, आईंना आधी सांगू नका :) तिथेही लिफ्ट आहे, विचारा. आणि रविवारी पहाटे मासळी बाजार! साडेनऊला आटोपतो.

धागाकर्ता:
खूप आभार. मासळी बाजार म्हटल्यावर आईला गुडघे आठवले नाहीत. पहाटे चारचा गजर लावायला सांगून मोकळी झाली. बाबा विचारतायत, तेवढ्या लवकर निकोलाई उघडतं का?