इन्युलिन आणि दारूने बिघडलेलं लिव्हर : मदत हवी आहे

मोठ्या भावाचं फॅटी लिव्हर निघालंय. एसजीपीटी, जीजीटी (रक्ततपासणीत दिसणारी लिव्हरची एन्झाइम्स) दोन्ही वाढलेले. कारण दारूच. डॉक्टरांनी पूर्ण बंद करायला सांगितली, तर हा इन्युलिन (एक प्रकारचं फायबर, म्हणजे तंतू) पावडरचा डबा घेऊन आला! रोज रात्री ग्लासात चमचा फिरवत मला सांगतो, "आता लिव्हर सांभाळलं जाईल."

मी थोडं वाचलं. दारूने आतड्याचं अस्तर सैल होतं, जिवाणूंचं एंडोटॉक्सिन (त्यांच्या आवरणातलं विष) पोर्टल शिरेतून थेट यकृतात जातं आणि तिथल्या कुफर पेशी (यकृतातल्या संरक्षक पेशी) चवताळतात, म्हणजे सूज. इन्युलिन, पेक्टिन, फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड हे तंतू आपल्याला पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवून ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात आणि त्याने अस्तराला बळ मिळतं. पटण्यासारखं आहे. पण दारूच्या बाबतीत फायदा दिसलेले बरेचसे प्रयोग उंदरांवरचे आहेत, आणि भाऊ काही उंदीर नाही.

आता विचारायचंय ते असं. दारू सोडलेल्या कुणी डॉक्टरांच्या सल्ल्याने असे तंतू घेतलेत का? सुरुवात किती ग्रॅमने केली? याने पहिल्याच दिवशी दोन मोठे चमचे घेतले आणि रात्रभर पोट नगाऱ्यासारखं. पावडरीऐवजी कांदा-लसूण, ओट्स, डाळी यांतूनच भागेल का? आणि लॅक्टुलोज (न पचणाऱ्या साखरेचं औषध) हेही याच जातीचं ना? ते तर यकृताच्या आजारात मेंदूवर परिणाम झाला की देतात, मग ते स्वतःच्या मनाने घेऊ नये हे त्याला कसं पटवू?

खरी अडचण वेगळीच आहे. डबा आल्यापासून "एखादा पेग चालतो" सुरू झालंय. यातून कुणी घरच्याला बाहेर काढलं असेल तर आधी ते सांगा, पावडरीचं नंतर.