वादग्रस्त नेता कॉलेजात आला होता तेव्हा तुम्ही कुठे होतात?

आत, बाहेर, की वर्गात बसून आवाज ऐकत होतात? नेत्याचं नाव नको, पक्षही नको, नाहीतर इथेच सभा सुरू होईल. सुरुवात मी करतो.

निषेध म्हणून काळी फीत लावून गेलो होतो. दारावर काढायला लावतील म्हणून ती घड्याळाच्या पट्ट्याखाली सरकवली. ठरलं होतं की खूण झाली की सगळ्यांनी उठून फिती दाखवायच्या. पण माणूस बोलायला लागला आणि दहाव्या मिनिटाला मी हसलो. चक्क खळखळून. शेजारच्या मैत्रिणीने असं पाहिलं की फीत आणखी आत गेली. खूण झाली तेव्हा उठलो, पण सगळ्यांच्या नंतर. विनोद काय होता ते आज आठवत नाही, तिची नजर आठवते.

*

मी आयोजकांकडून होते. प्रश्नांच्या चिठ्ठ्यांचं खोकं माझ्याकडे. भाषण चालू असताना मागच्या खोलीत चिठ्ठ्या 'लावल्या' गेल्या. 'तरुणांना काय संदेश द्याल' वर, आकडे मागणाऱ्या तळाला. तीन प्रश्न झाले आणि वेळ संपली. संपणारच होती. खोकं घरी आणलं, बरेच दिवस टाकवलं नाही.

*

हजेरी लागणार होती म्हणून गेलो. साहेब दोन तास उशिरा आले. झोपलो. क्षमस्व.

*

मी बाहेरच्या घोषणावाल्यांत. आमच्या ढोलामुळे आतलं काही ऐकू येऊ नये हाच बेत होता, आणि तो फत्ते झाला. पुढे २०१७ मधला अमेरिकेतल्या मिडलबरी कॉलेजचा प्रकार वाचला. वंश आणि बुद्धिमत्तेवरच्या लेखनामुळे वादग्रस्त ठरलेले लेखक चार्ल्स मरे बोलायला उभे राहिल्यावर विद्यार्थ्यांनी पाठ फिरवून घोषणा दिल्या, शेवटी त्यांना दुसऱ्या खोलीत नेऊन भाषण ऑनलाइन दाखवावं लागलं. बाहेर पडताना झालेल्या झटापटीत त्यांच्यासोबतच्या प्राध्यापिका जखमी झाल्या. त्या तर त्यांना उलट प्रश्न विचारायला बसल्या होत्या! पाठ फिरवणं मला आजही पटतं. ढोलाबद्दल मात्र खात्री राहिली नाही.

*

शिक्षिका म्हणून लिहिते. आमच्याकडे प्रास्ताविक कोणी करायचं यावरच आठवडा गेला. स्तुती केली तर विद्यार्थी चिडणार, टीका केली तर पाहुणा. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाने २००७ मध्ये इराणचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद यांना बोलावलं, तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्ष ली बोलिंजर यांनी प्रास्ताविकातच त्यांना झोडपलं होतं. पाहुण्यांनी लगेच तक्रार केली की बोलावून अपमान करता. इराणमध्ये तुमच्या देशासारखे समलैंगिक नाहीत असं ते म्हणाले, तेव्हा मात्र सभागृह हसलं. प्रास्ताविकापेक्षा ते हसणं जास्त लागलं असेल, असा माझा अंदाज. आमच्याकडे शेवटी प्राचार्यांनी फक्त नाव आणि पद वाचलं. अकरा सेकंद. एका विद्यार्थ्याने मोजले होते.

*

चिठ्ठ्यांचं खोकं सांभाळणाऱ्या ताई, कॉलेज वेगळं असेल, पण माझीही चिठ्ठी तळालाच गेली असणार. म्हणून मी मागच्या दाराशी, गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. आमची फी वाढवताना तुम्ही गप्प का होतात, एवढंच विचारायचं होतं. अंगरक्षकाने खांद्यावर हात ठेवला, तरी ते थांबले. "कुठल्या वर्षाला?" म्हणाले. मी म्हणालो, "दुसऱ्या." "अभ्यास कर," म्हणाले आणि गाडीत बसले. काच वर जाताना मी प्रश्न पुन्हा विचारला. मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी की त्यांच्यासाठी, कळलं नाही.